अंतरपाटाचा फोटो

कढईत जेवलेल्या पोरीच्या लग्नात पाऊस पडतो, असं आपल्याकडं म्हणतात. पूजाच्या लग्नाला सकाळपासून जो धरला होता तो पाहता, ती कढईत नुसती जेवली नसावी, तिनं बिऱ्हाडच केलं असावं. मे महिना अजून सरायचा होता. आंबे झाडावर होते, भाताच्या रोपांसाठी राब नुकते भाजून झाले होते, आणि आभाळानं अशी घाई केली होती की पोलादपूरच्या वरच्या खोऱ्यातल्या त्या वाडीत तिच्या बापानं, भागोजीनं, हौसेनं घातलेल्या मांडवाची ताडपत्री जागोजाग पोट सुटल्यासारखी खाली आली होती. दोघे जण बांबू घेऊन फिरत होते. ते खालून त्या पोटाला ढोसत आणि पाणी भसकन कुणाच्या तरी मानेवर जाई. ज्याच्या मानेवर जाई तो शिव्या देई, बाकीचे हसत.

राजनंदिनी हसत नव्हती. ती फोटो काढायला आली होती, आणि पावसातल्या लग्नात वाढप्याला हसू येईल, सनईवाल्याला येईल, फोटोवाल्याला येत नाही. महाडहून ती स्कूटरवर आली ती कॅमेरा टॉवेलात, टॉवेल काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी रेनकोटाच्या आत घेऊन. स्वतः भिजली, कॅमेऱ्याला थेंब लागू दिला नाही. तर घरात शिरल्याबरोबर चुलीच्या उबेनं भिंगावर वाफ धरली. पुसली, पुन्हा धरली. पुन्हा पुसली, तोवर लाइट गेली. जनरेटरवाला म्हणाला, डिझेल आणायला माणूस गेलाय, आणि हे तो दुपारपर्यंत सांगत राहिला.

त्यात ती निळी ताडपत्री. निळ्या ताडपत्रीखाली कुणाचंही तोंड काढा, बुडून वर आलेल्या माणसासारखं दिसतं. राजनंदिनीनं भागोजीच्या मागं लागून त्याच्या घरातल्या पांढऱ्या चादरी मागून घेतल्या आणि बोहल्यावर ताडपत्रीच्या खाली बांधायला लावल्या. बांधणाऱ्यांनी तोंड वाकडं केलं. “फोटोसाटी एवडं कोन करतंय?” एक जण म्हणाला. पण चादरी बांधल्या तसा बोहल्यावर मऊ, दुधाळ उजेड पडला, आणि डाव्या हाताच्या खांबाजवळ एक अशी जागा सापडली की तिथून नवरा-नवरी दोघांची तोंडं दिसावीत आणि मध्ये कुणाचं डोकं येऊ नये. तिनं ती जागा मनाशी पक्की केली. सगळ्या दिवसात तिला बरं वाटलं असेल तर तेवढंच.

ती जागा तिला कशासाठी हवी होती ते सांगायला हवं. महाडला निषादच्या स्टुडिओत ती काही वर्षं कामाला होती. निषाद माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यात कामाची एक वाटणी पक्की बसलेली होती. बायकांची खोली राजनंदिनीची. हळद, चुडा, नवरीची वेणी-फणी, ओट्या, सगळं तिनं काढायचं, कारण बायका पुरुषाला आत येऊ देत नाहीत. मांडवातलं मात्र त्याचं. मंगलाष्टकं सुरू झाली की तो तिला हातानं मागं सारी आणि स्वतः पुढं उभा राही.

आणि नेमका चुके. आता अंतरपाट पडतानाचा क्षण म्हणजे काय असतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. मधला पट बाजूला होतो आणि दोघं एकमेकांकडं बघतात. ते बघणं पातं लवेपर्यंत टिकतं. त्यानंतर अक्षता, हार, बँड, आरडाओरडा, आणि दोघं कॅमेऱ्याकडं बघणारी बाहुला-बाहुली होऊन बसतात. निषाद तेव्हा एकतर अक्षतांचा फोटो काढत असे, नाहीतर आमदाराच्या माणसाचा. मग म्हणे, “जरा परत बघा हो एकमेकांकडे.” ते बिचारे बघत. ते बघणं कसं असायचं ते सांगण्यात अर्थ नाही. राजनंदिनीच्या हाताला मागं उभ्या उभ्या खाज सुटायची.

दिवाळीनंतर तिनं त्याची नोकरी सोडली आणि एस.टी. स्टँडजवळ टपरीएवढं दुकान घेतलं. एमआयडीसीत नव्यानं लागलेली पोरं गेटपासला फोटो काढून नेत, शाळांचे ओळखपत्रांचे फोटो मिळत, बारशाला कुणी बोलावी. दुकानाच्या काचेत पालथं पडलेलं एक गुबगुबीत बाळ लावलेलं होतं, तेही ओळखीतलं. लग्न कुणी देईना. पोरगी एकटी काय करणार, गर्दीत शिरणार कशी, हेच सगळ्यांचं म्हणणं. पूजानं मात्र हट्ट धरला. ती महाडला कॉलेजात असताना राजनंदिनीकडं फोटो काढायला यायची. “ताईच काढील,” असं तिनं बापाला सांगितलं, आणि भागोजीनं पोरीचं मन राखलं. म्हणजे मांडव ते पाठवणी सगळं राजनंदिनीचं असं हे पहिलं लग्न. तिला बाळ उतरवून काचेत अंतरपाटाचा फोटो लावायचा होता. पडत्या पटाचा, खरा, परत बघायला न लावलेला. तो एक फोटो बघून उद्या कुणाला तिच्याबद्दल काही विचारायची गरज राहिली नसती.

विचारलेलं तिला नकोच असायचं. राजनंदिनीचं लग्न झालेलं होतं आणि मोडलेलं होतं. पनवेलला दिली होती. नवऱ्याला घर सांभाळणारी बायको हवी होती आणि घरात त्याची आई होती, ती एकटीच सगळं सांभाळून वर उरत होती. दोन दिवाळसणांच्या आत राजनंदिनी परत आली, पुढं रीतसर काडीमोड झाला. ती कधी खोटं बोलली नाही. गळ्यात मंगळसूत्र नाही हे पाहून लोक तिला कुमारी समजत आणि ती समजू देई. निषादकडं असताना एका लग्नात हे कुणीतरी फोडलं, तेव्हा नवरीच्या काकूनं तिला हळदीच्या खोलीतून उठवून पडवीत बसवलं होतं. चहा मात्र दिला. तेव्हापासून तिनं तोंड शिवून घेतलं होतं.

आता या लग्नात काय झालं ते पाहा. नवरदेव एमआयडीसीत नोकरीला, माणसं जवळची, त्यामुळं त्यांचं वऱ्हाड भिजत का होईना वेळेवर आलं. अडलं ते मुलीकडचंच. भागोजीची निम्मी भावकी मुंबईला, आणि मुंबईची गाडी माणगावच्या वाहतूककोंडीत अडकली होती. माणगावात गाडी अडकणं ही काही बातमी नव्हे, पण त्या गाडीत पूजाची चुलत बहीण होती आणि तीच करवली होती. नवरीच्या मागं करा आणि दिवा घेऊन करवली उभी राहते. तिच्यावाचून भागोजीच्या घरात आजवर अंतरपाट धरला गेला नव्हता. शिवाय घरची रीत अशी की करवली कुमारीच हवी.

“मुंगी हालत नाय म्हनतात तितं,” पूजाचा चुलत भाऊ राहुल मोबाईल कानाला लावून म्हणाला. हा आदल्या दिवशीच आला होता, म्हणून कोरडा होता.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. “मुहूर्त कुणासाठी थांबत नसतो,” ते म्हणाले. “दुसरी कुणी मुलगी उभी करा. मला पुढे महाडला आणखी एक कार्य आहे.”

दुसरी मुलगी आणायची कुठून? वाडीतली निम्मी घरं कुलपात. राहिलेल्यांत लग्नाची म्हणावी अशी पूजाच शेवटची होती. एक पोर होती ती चार वर्षांची, आणि ती भाताच्या पोत्यावर झोपली होती. नवऱ्याकडच्या मुली होत्या, पण त्या तिकडच्या करवल्या, त्या इकडं कशा चालतील? बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, आणि बघता बघता सगळ्यांच्या नजरा खांबाजवळ जागा धरून उभ्या असलेल्या राजनंदिनीवर आल्या.

“ही काय उबी हाय ना,” साळूबाई ओटीवरून म्हणाली.

साळूबाई ही भागोजीची थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आली ती भावाचं घर चालवत राहिली. मांडवात ती पाऊल ठेवत नसे, पण ओटीवर बसून अख्खा मांडव तीच हलवत होती. भटाला दक्षिणा किती, भाताला मीठ किती, कुणाला कुठं बसवायचं, सगळं ओटीवरून.

“आत्या, मला फोटो काढायचेत,” राजनंदिनी म्हणाली.

“काड की. दिवा धरून झाला की काड.”

“अहो, त्याच वेळी काढायचा असतो.”

“उंचीला बरी हाय, लग्नाची पोर हाय, आनि काय पायजे?” हे साळूबाई तिला सांगत नव्हती, बाकीच्यांना सांगत होती. तोवर दोघींनी राजनंदिनीला ओटीपाशी ओढून तिचा रेनकोट उतरवला होता, तिसरीनं तिच्या पंजाबी ड्रेसवर कुणाचा तरी जरीचा शेला टाकला होता आणि चौथी तिच्या ओल्या केसांत गजरा खोचत होती. साळूबाईनं तिच्या गळ्यातून कॅमेरा पिशवीसकट काढून घेतला. “ह्यो भिजंल. दागिन्यांच्या कपाटात ठेवते,” असं म्हणून ती आत गेली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचून परत आली. इतक्या आपुलकीनं कुणी कुणाचं वाटोळं केलेलं राजनंदिनीनं पाहिलं नव्हतं.

सुटायचा एक रस्ता तिच्याजवळ होता, आणि तो तिला तेव्हाच दिसला होता. गप्प राहावं तर फोटो जातो. बोलावं तर फोटो मिळतो, पण उद्यापासून या खोऱ्यातलं एकही लग्न मिळत नाही, कारण अशी गोष्ट पंगत उठायच्या आत पोलादपूरला पोचते. गुरुजींनी गणपतीचा श्लोक सुरू केला. पूजा पाटावर उभी राहिली, चेहऱ्यावर तो दुधाळ उजेड पडला, आणि राजनंदिनीनं मनाशी म्हटलं, पुढच्या लग्नांचं पुढं बघू.

“आत्या, मला धरता येणार नाही दिवा,” ती म्हणाली. “माझं लग्न झालं होतं. मोडलं. मी कुमारी नाही.”

गजरा खोचणारीचा हात केसांतच थांबला. भागोजीची धाकटी भावजय दोन पावलं मागं सरली. राजनंदिनीला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. तिनं किल्लीसाठी हात पुढं केला.

साळूबाईनं किल्ली दिली नाही. “कदी मोडलं?” तिनं विचारलं.

“झाली काही वर्षं.”

“पोरबाळ?”

“नाही.”

“मंग मोडलं म्हंजे झालंच नाय,” साळूबाई म्हणाली.

“वन्सं, पन रीत…” भावजयीनं तोंड उघडलं.

“रीत मला शिकवतंस?” साळूबाईनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती ओटीच्या कडेपर्यंत आली आणि राजनंदिनीचं मनगट तिनं धरलं. आवाज एकदम खाली आला. “माजा मेला, तुजा ऱ्हायला नाय. माज्या हाती कुनी दिवा दिला नाय गो. भावाच्या लग्नात नाय, भाच्यांच्या नाय. मी हितंच बसलंय. आज तुज्या हाती मी देतंय. धर.”

पडवीत बसवणाऱ्या काकूला द्यायचं उत्तर राजनंदिनीनं अनेकदा मनात जुळवून ठेवलेलं होतं, पण अशा बाईला काय सांगावं हे तिनं कधी जुळवलं नव्हतं. जन्मभर कुणाच्या तोंडून ऐकावंसं वाटत होतं ते आज ऐकायला मिळालं, आणि नेमकं आज ते नको होतं.

आजूबाजूच्या बायका विरघळल्या. एकीनं पदरानं डोळे टिपले. ज्या भावजयीनं रीत काढली होती तिनंच राजनंदिनीच्या खांद्यावरचा शेला सारखा केला. आपण फार चांगले आहोत असं सगळ्यांना एकदम वाटायला लागलं होतं, आणि चांगुलपणाच्या भरात माणसं कुणाचं काही ऐकून घेत नाहीत.

“आत्या, तुमचे उपकार आहेत. पण फोटो कोण काढणार?” राजनंदिनीनं शेवटचं विचारलं.

“मोबाईलवाले हायत की,” साळूबाई म्हणाली आणि तिच्या एका हातात करा दिला, दुसऱ्या हातात दिवा.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि मांडवात छत्र्या उघडल्या. गळतं म्हणून सगळ्यांनी उघडल्या, आणि एकाची छत्री दुसऱ्याच्या छत्रीवर पाणी सोडत होती. एका हातात छत्री, दुसऱ्यात अक्षता, म्हणजे मोबाईल धरायला कुणाचाच हात मोकळा नाही. राहुलचा तेवढा मोबाईल वर होता. राजनंदिनीला जरा धीर आला. मग राहुल मोबाईलला ओरडून म्हणाला, “काकी, दिसतंय का? आत्ता पडेल बघा अंतरपाट,” आणि तिच्या लक्षात आलं की हा माणगावच्या गाडीला व्हिडिओ कॉलवर लग्न दाखवतोय. त्यातलं काहीही कुठं राहणार नव्हतं.

तिनं डाव्या खांबाकडं पाहिलं. तिच्या जागेवर बांबूवाला उभा होता. तो वर ताडपत्रीचं पोट बघत होता.

‘सावधान’ झालं. पट खाली आला. करवली नवरीच्या मागं उभी असते, त्यामुळं राजनंदिनीला पूजाचा अंबाडा दिसला. ज्या तोंडासाठी तिनं सकाळपासून चादरी बांधल्या, भिंग पुसलं आणि आपलं झाकलेलं उघडं केलं, ते तोंड काही तिला दिसलं नाही. समोर नवरदेव होता. मुंडावळ्यांतून पाणी ठिबकत होतं, चष्मा वाफाळलेला होता. त्याला बहुतेक काही दिसत नसावं, म्हणून त्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि पूजाकडं पाहिलं. त्याचा चेहरा इतका उघडा पडला, इतका पोरासारखा झाला, की राजनंदिनीचं बोट कऱ्याच्या पितळेवर आपोआप दाबलं गेलं. पितळेचं काय होणार? अक्षता उडाल्या, ओल्या होत्या, जिथं पडल्या तिथं चिकटल्या. बँड वाजला आणि संपलं.

तिनं मान वळवली तर साळूबाई दिसली. ती ओटी उतरून खाली आली होती. मांडवाच्या आत एक पाऊल, तेवढंच, पागोळ्यांत भिजत. नवरा-नवरीकडं ती बघतच नव्हती, राजनंदिनीच्या हातातल्या दिव्याकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे काही होतं त्याला नाव द्यायचं राजनंदिनीच्या मनात आलं नाही. तोही फोटोच होता. तोही गेला.

तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रागानं. पावसावर, माणगाववर, कपाटाच्या किल्लीवर, आणि ज्या बाईवर रागावता येत नाही तिच्यावर सगळ्यात जास्त. हात अडकलेले, पुसता येईना. बायका एकमेकींना खुणा करून दाखवत होत्या, बघ, किती भरून आलंय पोरीला.

दिवा उतरवून ठेवेपर्यंत गुरुजी स्वतःचा अंतरपाट घडी घालून पिशवीत कोंबून महाडच्या वाटेला लागले होते. निषादनं निदान परत बघायला लावलं असतं. तिला तेही जमणार नव्हतं, आणि जमलं असतं तरी तिनं केलं नसतं. साळूबाईनं कपाट उघडलं, कॅमेऱ्याची पिशवी पदरानं पुसली आणि तिच्या हाती दिली. “पुडच्या लग्नाला पन तूच ये,” ती म्हणाली. “मी सांगेन सगल्यांना.”

पंगतीला पानं मांडली जात होती. भागोजी हात जोडत, पाहुण्यांना बसवत, चिखल तुडवत तिच्यापाशी आला. त्याचे डोळे लाल होते. पोरीचा बाप, त्याला दिवसभर उसंत नव्हती, आणि उभं राहायला निवांत अशी तीच एक भेटली.

“पोरी, अंतरपाटाचा फोटो झ्याक आला ना गो?” तो म्हणाला. “त्यो मोटा करून लावायचा हाय घरात. ती गेली की बगाया.”

राजनंदिनीनं त्याच्याकडं पाहिलं. “काका,” ती म्हणाली, “मी दिवा धरला होता.”

“व्हय, त्यो धरलास म्हनून तर निभावलं,” भागोजी म्हणाला. “पन फोटो?”